छंदाचे स्वरूप स्पष्ट करावे

कॅमेरा घ्यायचा हे मी एका रविवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं, आणि तो प्रत्यक्ष घरात यायला सात महिने लागले. तेवढ्या वेळात लोक घरं बांधतात. माझ्या थोरल्या बहिणीने तर त्याहून कमी वेळात लग्न ठरवलं, केलं आणि दुसऱ्या गावी जाऊन संसारही थाटला, तेही वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पण ताईने कुणाला विचारलं नव्हतं. मी विचारलं. तिथेच सगळं घोडं अडलं.

आता कॅमेराच का, तर ताईच्या लग्नाचा अल्बम आला होता. सहाशेच्या वर फोटो. त्यांत मी चार ठिकाणी होते. मोजण्यात माझी चूक होत नाही, तरी दोनदा मोजले. एकात माझं कोपर आणि त्यापलीकडे एक बशी. दुसऱ्यात पाठमोरं डोकं, तेही पिनेवरून ओळखलं. तिसऱ्यात मी समोरून आहे, पण डोळे मिटलेले. चौथ्यात नव्या भाऊजींच्या दोन उंच चुलतभावांच्या मधून माझं कपाळ दिसतं. सव्वीस वर्षं आम्ही दोघीच बहिणी एका घरात राहिलो, आणि ती निघाली त्या दिवशीचा माझा पुरावा म्हणजे हे कपाळ. शनिवारी रात्री मी अल्बम मिटला आणि सकाळी दात घासताना ठरवलं, आता आपला कॅमेरा आपण घ्यायचा. ज्याच्या हातात कॅमेरा असतो तो तर एकाही फोटोत येत नाही, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

लोकांना मी 'छंद' असं सांगितलं. एकटी राहणारी बाई काहीही करायला लागली तरी लोक त्याला छंदच म्हणतात, त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारलं नाही.

आमच्या तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या दवाखान्यात भिंतभर पक्ष्यांचे फोटो आहेत, सगळे त्यांनीच काढलेले. रुग्णाचं तोंड उघडं असतानाच ते एकेका पक्ष्याची हकिगत सांगतात, त्यामुळे मध्ये कुणाला बोलता येत नाही. मी दाढ दाखवायला गेले आणि कापूस काढल्याबरोबर कॅमेऱ्याचा विषय काढला. डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला बाहेरच थांबवलं आणि मला बजावलं की बॉडीकडे लक्ष देऊ नका, बॉडी काय, आज आहे उद्या नाही. डॉक्टर माणसाच्या तोंडून हे ऐकून मी खुर्चीतल्या खुर्चीत दचकले. मग कळलं, कॅमेऱ्याच्या धडाला बॉडी म्हणतात, लेन्स वेगळी मिळते, आणि खरं महत्त्व लेन्सला. त्याच संध्याकाळी ते स्वतःची लेन्स दाखवायला वर आले. लहानशा फ्लास्कएवढी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर टॉवेल पसरून ठेवली, आणि हात धुतल्याशिवाय मला हात लावू दिला नाही.

वरच्या मजल्यावर चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांना जिन्यात ही बातमी लागली आणि दुसऱ्या दिवशी तेही आले. त्यांचं म्हणणं एकदम उलट. कॅमेरा कुठलाही चालेल, आधी बघायला शिका. त्यांनी एका पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून दिलं आणि महिनाभर जगाकडे त्यातूनच बघायला सांगितलं. मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. बसस्टॉपवर मी पुठ्ठा डोळ्याला लावला तेव्हा समोर बाकावर बसलेल्या बाईने पर्स उचलली आणि उन्हात जाऊन उभी राहिली. आमच्या शेजारच्या घरातल्या सूनबाईंनी मला जिन्यात पुठ्ठ्यातून बघताना पाहिलं आणि संध्याकाळी न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता आणून दिला.

पुढे डॉक्टर आणि मास्तर एकाच वेळी यायला लागले. कॅमेरे बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. डॉक्टर एकीचे, मास्तर दुसरीचे. ज्या मास्तरांना कुठलाही कॅमेरा चालणार होता, त्यांना डॉक्टरांची कंपनी तेवढी चालत नव्हती. त्या दोन कंपन्यांमध्ये मला दिसलेला फरक इतकाच, की एकीची लेन्स काढताना जिकडे फिरवायची, दुसरीची त्याच्या उलट. पण एवढ्या फरकावर माणसं किती बोलू शकतात हे त्या टेबलाशी बसल्याशिवाय कळणार नाही. चहा व्हायचा, बिस्किटं संपायची, आवाज चढायचे. मास्तर एकदा रागाने उठून गेले आणि चष्मा विसरला म्हणून परत येऊन पुन्हा तासभर बसले.

मी वजनमापे कार्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. दुकानदारांचे काटे ज्या वजनांवर तपासतात, ती वजनं मी तपासते. काचेच्या पेटीतला तराजू, वजनं उचलायला चिमटा, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन जड भरतं. अशा माणसाने कॅमेरा निवडायचा म्हणजे तक्ता आलाच. मी सत्तावीस रकान्यांचा तक्ता आखला. दुकानदाराला विचारलं की पत्रकात दिलेलं वजन बॅटरीसह आहे की बॅटरीविना. छातीवर दोरीने चष्मा लटकवलेला तो म्हातारा गृहस्थ चाळीस वर्षं कॅमेरे विकत होता, त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

खरं सांगायचं तर चौथ्या महिन्यातच माझं ठरलं होतं. पण डॉक्टर विचारायचे, 'मग, झालं का नक्की?' आणि माझ्या तोंडून एखादी नवी शंका बाहेर पडायची. लेन्स बदलताना आत धूळ गेली तर? जादा बॅटरी कितपत टिकते? एकदा काहीच सुचेना तेव्हा मी म्हटलं की मी डाव्या डोळ्याने बघते, तर माझं नाक मागच्या पडद्याला घासेल. या नाकावर तीन संध्याकाळी निघाल्या. डॉक्टरांनी ते बाजूने पाहिलं, मास्तरांनी त्याचा चक्क आराखडा काढला, आणि नाक सरासरीपेक्षा लांब असल्याबद्दल दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. एरवी असं बोलणाऱ्याला मी दाराबाहेर काढलं असतं. त्या वेळी मी फक्त आणखी चहा टाकला. सहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली की माझा हात आपोआप आधणाकडे जायचा. एवढं सोडणं जिवावर येत होतं.

आडकाठी हवीच होती, ती खात्याने पुरवली. आम्ही व्यापाऱ्यांचे काटे तपासणारे लोक, कोण कधी काय भेट देईल याची खात्याला काळजी. म्हणून महागाची वस्तू घ्यायची तर आधी परवानगी लागते. मी आनंदाने अर्ज केला. 'खरेदीचे प्रयोजन' या रकान्यात 'छंद' लिहिलं. आठ दिवसांनी अर्ज परत आला. 'छंदाचे स्वरूप स्पष्ट करावे.' मी 'छायाचित्रण' असं स्पष्ट केलं. पुन्हा परत. 'कशाचे अथवा कोणाचे, तपशील द्यावा.'

तो कागद समोर ठेवून मी जेवणाची सगळी सुट्टी बसून राहिले. कोणाचे? शेवटी 'कुटुंबीय' असं लिहून टाकलं. आस्थापना विभागातल्या बाईंनी माझी सेवापुस्तिका काढली. त्यात कुटुंबाच्या रकान्यात एकट्या ताईचं नाव. बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की आता ताईंचं लग्न झालं, तर हे बदलायला हवं ना. मी विचारलं, तिथे काय लिहू? त्या म्हणाल्या की रकाना कोरा सोडता येत नाही, 'निरंक' लिहायचं असतं. त्यांनी पेनही दिलं. मी निरंक लिहिलं, आणि कॅमेऱ्याच्या अर्जावर 'कुटुंबीय' खोडून 'निसर्ग' केलं. निसर्गाला कुणाची हरकत नव्हती. तीन दिवसांत परवानगी आली.

आता सबब उरली नाही. मी दुकानात गेले. दुकानदाराने आज कोणती शंका असं विचारलं, मी म्हटलं, काही नाही. त्याने खालच्या कप्प्यातून खोकं काढलं. पहिल्या दिवशी मी ज्या कॅमेऱ्याला हात लावला होता तोच, म्हणाला, तुमच्यासाठी बाजूला ठेवला होता, माणूस शेवटी तिथेच येतो. सत्तावीस रकान्यांचा असा अपमान कुणी केला नव्हता.

त्या संध्याकाळी दोघेही आले. डॉक्टरांनी सहा वेळा खटका दाबून आवाज ऐकला. मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खिडकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चांगला आहे म्हणाले. कंपनीवरून वाद झाला नाही. डॉक्टर म्हणाले, चला, सुटलात एकदाच्या. आणि दोघे इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत जिना उतरून गेले. मास्तर वर राहतात, तरीसुद्धा उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी आधण ठेवलं. पाणी उकळलं, आटलं. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी एक शंका घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी मुखपट्टीच्या वरून ओळखीचं हसून सांगितलं की माहितीपुस्तिकेत सगळं दिलेलं असतं. मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, आता माझं काम संपलं, आता तुमचा डोळा आणि तुम्ही. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. ज्या कामासाठी ते येत होते ते काम झालं होतं. मी माझ्याच बुद्धीने ते सात महिने लांबवलं होतं, आणखी किती लांबवणार?

मग मी निसर्गाकडे वळले. शनिवारी गळ्यात कॅमेरा अडकवून सार्वजनिक बागेत गेले, तर दारातच पहारेकऱ्याने अडवलं. फोनने हवे तेवढे फोटो काढा, मोठ्या कॅमेऱ्याला परवानगी लागते. माझ्याकडे परवानगी आहे, असं म्हणून मी ताठ मानेने खात्याचं पत्र काढलं. त्याने ते सावकाश, शिक्क्यासकट वाचलं आणि परत दिलं. 'बाई, ही कॅमेरा घ्यायची परवानगी आहे. वापरायची नाही.' मी घरी आले आणि खिडकीतल्या कुंडीचे एकोणीस फोटो काढले.

रविवारी दुपारी कुंडीचाही कंटाळा आला, तेव्हा स्वतःचाच फोटो काढायचं ठरवलं. कॅमेऱ्यात सोय असते. खटका दाबायचा, दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात समोर जाऊन बसायचं. खिडकीजवळ ताईची खुर्ची आहे. तिच्यावर साखरेचे आणि डाळीचे डबे रचून वर कॅमेरा ठेवला. मधे टेबल, पलीकडे भिंतीला लागून माझी जागा. खटका दाबला आणि टेबलाला वळसा घालून निघाले. टेबलाचा कोपरा गाठायच्या आत फोटो निघालेला. वाटलं, आपणच रेंगाळलो. दुसऱ्यांदा चप्पल काढून धावले. तिसऱ्यांदा साडी खोचून. सातव्यांदा सतरंजीची कड पायात आली आणि गुडघ्यावर आपटले, तो क्षण कॅमेऱ्याने बरोबर टिपला. चौदा फोटो काढले. प्रत्येकात समोरची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, कपाट, सगळं कसं लख्ख, आणि टेबलापाशी एक फिकट निळा फराटा. तो फराटा म्हणजे मी. एवढा विचार करून, एवढ्या लोकांना विचारून, माझ्याच घरात, माझ्याच कॅमेऱ्यात. मी गुडघा चोळत जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

ताईचा फोन दर रविवारी पाचला येतो. मी दर वेळी सगळं छान आहे म्हणायची आणि मग कॅमेऱ्याबद्दल बोलायची, म्हणजे दुसरं काही बोलावं लागत नसे. त्या दिवशी ती म्हणाली की इतके महिने कॅमेऱ्याचं ऐकतेय, एखादा फोटो तरी दाखव. मी म्हटलं, एकही चांगला नाही. ती म्हणाली, मग वाईट पाठव. मी कार्ड काढून संगणकात घातलं आणि चौदावा फराटा तिला पाठवून दिला.

दहा मिनिटांत पुन्हा फोन वाजला. माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

"कॅमेरा चांगला आहे गं," ती म्हणाली. "मोठं करून पाहिलं. सगळं स्पष्ट दिसतंय."

"लेन्स चांगली आहे."

"कॅलेंडर तीन महिने उलटलेलं नाहीस."

मी उठून कॅलेंडरची पानं उलटायला लागले.

"पडदा दोन कड्यांतून निसटलाय. आणि कपाटावर गोळ्यांची डबी आहे, सोमवार ते शनिवार सगळे कप्पे भरलेले दिसतायत. आज रविवार आहे."

"त्या पुढच्या आठवड्याच्या."

"पुढच्या आठवड्याच्या गोळ्या तू आधीपासून कधी भरल्यास? ते मी करायचे. या आठवड्याच्या तू घेतल्याच नाहीस."

मी डबी उचलून खणात ठेवली. तिने विचारलं, कॅमेरा कशावर ठेवला होतास? मी सांगितलं, तुझ्या खुर्चीवर, डब्यांवर.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मला तिथून असंच दिसायचं."

मग तिने विचारलं, मी तिच्यावर रागावले आहे का. मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं, थोडी. अल्बमचं सांगितलं, कपाळाचं सांगितलं, आणि सांगायचं नव्हतं तरी निरंकचंही सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही. एरवी ती मला वाक्य पुरं करू देत नाही.

"मग हे सांगायचं ना," शेवटी म्हणाली. "सात महिने मला कॅमेऱ्याचा सेन्सर शिकवत बसलीस."

"तू तरी कुठे काही सांगितलंस?"

"काय सांगू? हे चांगले आहेत. दिवसभर वाचत बसतात. मी दूध उतू घालवलं तरी असू दे म्हणतात. मला इथे कुणी ओरडत नाही गं. जाऊ दे. नीट फोटो काढ एक. किती वेळ मिळतो तुला?"

मी सांगितलं, दहा सेकंद, पुस्तिकेत छापलंय. ती म्हणाली, दहा सेकंदांत तू दोनदा बसून उठशील, काहीतरी घोळ आहे, मी मोजते, तू नुसतं बटण दाब. मी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला आणि खटका दाबला. तिने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि फोटो निघाला.

मी आयुष्यभर दुसऱ्यांची वजनमापं तपासली. दाण्याएवढा फरक पडला तरी वजन परत पाठवलं. आणि हे सेकंद मोजायचं मला सुचलं नव्हतं. पुस्तिका उघडली. दोन सोयी होत्या, दहा सेकंदांची आणि दोन सेकंदांची, आणि मी चौदा वेळा दोनच्या मागे धावले होते. ताई इतकी हसली की तिकडे भाऊजी काय झालं म्हणून विचारायला आले. तिने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, गुडघ्यासकट. मी ऐकत उभी होते.

मग तिने सूचना सुरू केल्या. कॅमेऱ्यातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण कॅमेरा भिंत बघतो कारण खटका दाबताना समोर भिंतच असते, एवढं तिने ओळखलं. तुझ्या जागेवर उशी ठेव, आधी त्याला उशी नीट बघू दे, मग तू जाऊन उशी मांडीवर घेऊन बस. डॉक्टर आणि मास्तर या दोघांना सात महिन्यांत हे सुचलं नव्हतं. मी उशी ठेवली. दहा सेकंद लावले. तिने विचारलं, गुडघा दुखतोय का, दुखत असेल तर धावू नकोस, चाल. मी चालत गेले, बसले, उशी घेतली. ती मोजत होती. चार. पाच. सहा. सात म्हणून ती थांबली आणि नीट बसलीस का असं विचारायला लागली, तेवढ्यात फोटो निघाला.

फोटोत मी पूर्ण आले आहे, उशीसकट, स्पष्ट. नाक लांबच आहे. पण मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. टेबलावरच्या फोनकडे बघतेय आणि तोंड उघडं आहे, कारण मी तिला सांगत होते की सात आणि आठच्या मध्ये इतका वेळ घ्यायचा नसतो. मी तो तिला पाठवला. तिने तो मोठा करून बघायला घेतला, पण फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही. तिकडे भाऊजींनी पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.